यशवंत मेश्रामची लुमिना

यशवंत मेश्रामने २००३ साली गाडी घेतली आणि ललिताला नवऱ्याची शिसारी येऊ लागली. आखातात, अल् घुब्रातल्या भाड्याच्या घरासमोर पांढरी लुमिना उभी राहिली, तसा हा नागपूरचा इंजिनिअर माणसांत राहीनासा झाला. सीटवरचं प्लास्टिक त्याने कुणाला काढू दिलं नाही. उन्हात ते तापायचं, अंगाला चिकटायचं, वासाने ललिताला मळमळायचं. लेक रश्मीला गाडीत पाणी प्यायचीसुद्धा बंदी.

आणि तो इतिहास! आंबेडकर जयंतीला पंगत बसलेली, खीर थंड होतेय, आणि हा सुरू.

"नाव शेव्हरलेटचं असलं तरी माल ऑस्ट्रेलियाचा! सत्तरच्या दशकात तिथे तोराना नावाची गाडी होती. मध्यम अंगाची, पण पोटात व्ही-एट इंजिन. बाथर्स्टच्या डोंगरावर रेसमागून रेस मारली तिने. ती गेली, कमोडोर आली. तीच इकडे लुमिना!"

एवढं घराणं सांगणारा माणूस गाडी ऐंशीच्या वर नेत नसे. कच्च्या रस्त्यावर खडे उडतात म्हणून दूरच्या सूर गावाला कधी नेली नाही. स्वतःच्या पणजोबाचं नाव तरी याला ठाऊक असेल का, असं ललिताला वाटे.

२००७च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. पाणी पायरीला लागलं. घर तळमजल्यावर, वीज गेलेली. ललिता आतल्या खोलीत रश्मीचे कपडे भरत होती. हॉलमधून यशवंत ओरडला, "गाडी उंचावर लावतो, मग तुम्हाला न्यायला येतो."

"अहो, आधी पोरीला घ्या. तिघं एकदमच निघू."

"अशा चिखलाच्या पायांनी?" म्हणाला आणि गेलासुद्धा.

पाणी कमरेला आलं तरी तो आला नाही. वरच्या मजल्यावरचा हैदराबादी यूनुस धावत खाली आला, त्याने रश्मीला खांद्यावर घेतलं. "भाभी, सामान खलास! ऊपर चलो!"

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर यशवंत उगवला, कोरडा ठणठणीत. "पोलिसांनी रस्ता बंद केला होता गं," म्हणाला. ललिताने तेही खरं मानलं. मग तो दोघींना गाडीपाशी घेऊन गेला. "बघ, ओरखडासुद्धा नाही!"

ललिताने मागचं दार उघडलं. सीटवर घरातला मोठा टीव्ही होता, रश्मीच्या दुलईत गुंडाळलेला, वर सीटबेल्ट लावलेला.

"बाबा, मी कुठे बसू?" रश्मीने विचारलं.

यशवंतने दुलईचं सुटलेलं टोक टीव्हीखाली नीट खोचलं. ललिताला किळस आली. लेकीला कडेवर घेऊन ती यूनुसच्या जिन्याकडे चालू लागली.