काचेवरच्या कुरडया

मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या सोलर पॅनलवर कुरडया वाळत घातल्या. पस्तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यात काढल्यानंतर.

रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी नाद लागतो. कुणी भजनी मंडळात जातो, कुणी पहाटे मैदानात जाऊन टाळ्या पिटतो. मी गच्चीभर पॅनल बसवून घेतले. गच्चीभर म्हणजे खरोखरच गच्चीभर. कपड्यांची दोरीसुद्धा जिन्यात आली. खाली इन्व्हर्टर आणि त्याच्या शेजारी लहान कपाटाएवढी बॅटरी. दिवसा घर उन्हावर चालायचं, उरलेली वीज बॅटरीत भरायची. मी इतका हवेत होतो की घरातला एकुलता एक भरलेला सिलेंडर जवळच्या उतई गावातल्या साळ्याला, त्याच्या पोराच्या साक्षगंधासाठी, देऊन टाकला. "ने बाप्पा," म्हटलं, "आमचा सैपाक आता सूर्यनारायण करते."

आणि त्याच आठवड्यात कुरडया आल्या.

लेकीच्या लग्नानंतरचं हे पहिलंच वर्ष. गोंदियाला तिच्या सासरी कुरडयांचा डबा गेला नाही, तर आमच्या कुंदाला (म्हणजे माझ्या बायकोला) व्याह्यांकडे तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून तिने पातेलंभर चीक तयार केला होता. आता चीक काही कुणासाठी थांबत नाही. मे महिन्यात भिलाईत तो दुपारपर्यंत आंबून मोकळा होतो. सकाळीच शिजवा, गरम असताना सोऱ्यातून पाडा, उन्हात टाका. नाहीतर नालीत ओता.

सकाळी समोरच्या लीलाबाई मदतीला आल्या. कुंदा गच्चीवर गेली आणि तशीच खाली आली.

"अवो, कुरोड्या घालू कुठं?"

"गच्चीवर."

"गच्ची कुठं हाय?"

प्रश्न योग्य होता. पण इलेक्ट्रिकलवाला असा गडबडत नसतो. "काचेवर घाल ना," मी म्हटलं. "खालून काच तापते, वरून ऊन. दोन दिवसाचं काम एका दिवसात होते."

"त्या पॅनलले काई होनार तं नाई?"

"मी इलेक्ट्रिकलचा आहो ना." (हे वाक्य मी त्या दिवशी चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा आवाज जरा बारीक आला.)

त्या दिवशी लाइनच्या दुरुस्तीसाठी नऊपासून पाचपर्यंत कॉलनीची लाइट जाणार होती. लोक कुरकुरत होते आणि मी नऊ वाजायची वाट बघत होतो. नऊला सगळे पंखे थांबले. आमचा कूलर मात्र घोंघावत होता. खिडक्या उघड्या ठेवल्या, आवाज बाहेर गेला पाहिजे ना!

पहिला घाणा इंडक्शनवर झकास शिजला. पॅनलवर जुन्या ओल्या चादरी पसरल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटे लावले, आणि पहिले दोन पॅनल पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी भरून गेले. मी लांबून बघितलं. शास्त्र आणि संसार यांचा असा मेळ मी तरी पाहिला नव्हता.

दुसरा घाणा होता होता मोबाइलवर इन्व्हर्टरचं ॲप बघतो, तर बॅटरी निम्म्यावर.

"इतकं ऊन आहे आनं बॅटरी उतरून कावून राहिली?" लीलाबाईंनी विचारलं.

"तापली असंन," मी म्हटलं. आणि बायकांसमोरचा कूलर उचलून बॅटरीसमोर लावला. बायका घामाघूम झाल्या, बॅटरी आणखी भराभर उतरली. मग मी पॅनल बसवून देणाऱ्या कंपनीच्या बाईंना फोन लावला आणि तुमची बॅटरी खराब आहे म्हणून चांगलंच झापलं.

"अंकल, पैनल पर कहीं छाया तो नहीं पड़ रही?"

"छाया? मॅडम, यह भिलाई है. यहाँ मई में छाया ढूँढने से नहीं मिलती."

"मैं हथखोज में हूँ, आधे घंटे में आती हूँ. तब तक लोड कम रखिए."

लोड कमी कसा ठेवणार? पातेल्यात तिसरा घाणा रटरटत होता. शेवटचे दोन पॅनल तेवढे मोकळे होते, त्यांना फुकट कशाला ऊन खाऊ द्यायचं? मी तेही झाकून तयार ठेवले. खाली आलो तेवढ्यात इंडक्शन एकदा 'पीं' म्हणाला आणि गप्प झाला. कूलरही थांबला. सगळ्या कॉलनीत लाइट नसलेलं आणि शेगडीही नसलेलं आमचं एकच घर होतं.

"चीक अर्धा कच्चा हाय," कुंदा हळू आवाजात म्हणाली. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही.

तेवढ्यात कंपनीच्या बाई आल्या. सरळ गच्चीवर गेल्या. मग त्यांनी मला, अगदी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की सगळे पॅनल एका माळेत असतात. हातोहात विटा देणाऱ्या रांगेसारखे. मधला एक बसला तरी रांग थांबते. तुम्ही तर सगळी रांगच चादर पांघरून झोपवली.

म्हणजे जितक्या कुरडया वाळत घालत गेलो, तितकी पुढच्या कुरडया शिजवायची वीज मीच बंद करत गेलो होतो.

"चद्दर हटा दीजिए, अभी चालू हो जाएगा," त्या म्हणाल्या.

"हात लावू नका कोनी," कुंदा म्हणाली. "ओल्या हायेत, मोडतीन. लीला, तुयाकडं गॅस हाय ना?"

मग आमची वरात निघाली. दोन बाजूंनी दोघी पातेलं धरून, आणि चीक बसू नये म्हणून मध्ये मी, उलट्या पावलांनी चालत, दोन्ही हातांनी ढवळत. बंद पंख्यांमुळे कॉलनी दारातच बसलेली. सकाळपासून मी त्यांना कूलरचा आवाज ऐकवला होता. आता त्यांनी मला बघून घेतलं.

लीलाबाईंच्या गॅसवर चीक एकदाचा शिजला. थोड्या गुठळ्या झाल्या, पण वास गोडच होता, आंबला नव्हता. कुंदाने चिमूटभर खाऊन बघितला आणि सकाळपासून पहिल्यांदा श्वास सोडला. म्हणाली, "जाते गोंदियाले डबा."

मलाही जरा धीर आला. घाम पुसत म्हटलं, "तसं थेरीत काई चुकलं नवतं. मी इलेक्ट्रिकलचा..."

लीलाबाईंनी सोऱ्यात चीक भरता भरता मान वरही केली नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमी रिटायर झाले तवा प्लांटवाल्याईनं तुमाले एवढे हार कावून घातले, ते मले आज समजलं."