हळद पुसलेला फोटो

“आवं, हे कोन?” शेवंताबाईंनी स्क्रीनकडं बघून विचारलं.

मी हसलो. मला वाटलं, बाई खूश झाल्या. फोटो इतका सुधारला होता की कुणीही असंच विचारलं असतं.

“तुमचे मालक,” मी म्हणालो.

“न्हाई. आमचं मालक असं न्हवतं.”

माझा सांगलीत पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. बायको गेल्यावर तो बंद केला. मुलगी पुण्यात असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस मी आणि पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर. ओळखीपाळखीचे लोक बिघडलेले फोटो घेऊन येतात. खरं सांगायचं तर त्या निमित्तानं दारात कुणीतरी येतं, याचंच मला बरं वाटतं. म्हणून मी आधी चहा टाकतो, फोटो मग बघतो.

शेवंताबाई कवठे महांकाळहून एसटीनं आल्या होत्या. त्यांचे मालक रामभाऊ सांगलीत हळद पॉलिश करायच्या ड्रमवर कामाला होते, वर्षापूर्वी वारले. त्यांचा सबंध जन्मातला एकच फोटो, मिलिटरीतल्या पुतण्यानं सुट्टीवर आल्यावर गोदामात काढलेला. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी पाटावर मांडायला हाच फोटो हवा होता. मेमरी कार्ड त्यांनी एका पिवळट फडक्यात बांधून आणलं होतं.

फोटो अंडरएक्स्पोज होता. म्हणजे कॅमेऱ्यात पुरेसा उजेड गेला नव्हता. मागं गोदामाचं दार उघडं, बाहेर कडक ऊन. कॅमेऱ्यानं ते ऊन सांभाळलं आणि पुढं उभा माणूस काळाठिक्कर करून टाकला. नशीब, कार्डावर रॉ फाइल होती. रॉ म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळं, न शिजवलेलं. अंधारात दडलेलं त्यातून बरंच बाहेर काढता येतं.

मी एक्स्पोजर वाढवलं, शॅडो उचलल्या, म्हणजे अंधारे भाग उजळले. आधी सदरा वर आला, मग हात, मग हसरा चेहरा. अंधार उजळला की फोटोत रव्यासारखे दाणे उठतात, त्याला आम्ही नॉइज म्हणतो. तोही कमी केला. राहिला रंग. माणूस नुसता पिवळाधमक. मी म्हटलं, व्हाइट बॅलन्स चुकलाय. त्यावर सोपा उपाय असतो. फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर क्लिक करायचं, मग तिला पांढरं धरून कॉम्प्युटर बाकीचे रंग लावून घेतो. मी सदऱ्यावर क्लिक केलं. पिवळेपणा गेला, रामभाऊ एखाद्या बँकेतल्या क्लार्कसारखे दिसायला लागले. वर सवयीनं थोडं उजळही केलं. गिऱ्हाईक गोरं करायचं, हे आमच्या धंद्यात न सांगता ठरलेलं असतं.

“अंगावरची हळद कुटं गेली?” शेवंताबाईंनी विचारलं.

“हळद?”

“तीस वर्सं ड्रमवर हुतं की. भुवया पिवळ्या, कान पिवळं. आंघूळ केली तरी उशीला डाग पडायचा. लय भांडायची मी त्यावरनं.” त्यांनी हातातल्या फडक्याची घडी मोडून परत घातली. “आता उशी कोरी ऱ्हाती. तुमी फोटोतबी त्यास्नी धुऊन काढलं व्हय?”

सांगलीत जन्म काढलेला मी. हळदीच्या पेठेतनं रोज ये-जा केलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सदरा पांढरा नव्हता का?” मी उगीच विचारलं.

“इकत घेतला तवा हुता.”

“ते फडकं कुणाचं?”

“त्यांचंच. कामावर डोक्याला बांधायचं.”

मी ते फडकं मागून घेतलं, खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरलं आणि त्याच्याशी रंग जुळवत बसलो. सदरा पिवळा होऊ दिला. भुवया, कान, नखं, सगळं परत आलं. शेवंताबाईंनी पदर सावरला आणि स्क्रीनला म्हणाल्या, “आलासा व्हय आता?”

प्रिंट घेऊन त्या गेल्या. मी दोन्ही कपबश्या विसळल्या आणि भिंतीवरच्या सुमनच्या, माझ्या बायकोच्या, फोटोसमोर उभा राहिलो. तोही अंधाऱ्या स्वयंपाकघरात काढलेला. ती गेल्यावर मीच उजळला, तिला गोरी केली. हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं. हात आपोआप चालला. फाइल सेव्ह केली आणि मूळची डिलीट केली. जुने अल्बम पुरात गेलेले. गावभरचे फोटो काढताना घरच्या बाईचे काढायचे राहूनच गेले.

गोरेपणा कसाबसा उतरवला. मग पुसलेलं गोंदण परत रेखायला बसलो. ठिपके तीन होते की पाच, आठवेना. रविवार नसताना मुलीला फोन लावला.

“तीन असतील, बाबा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “की चार?”

आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो, फोटो कितीही काळा आला तरी मूळ फाइल डिलीट करू नका.

सुमनची हनुवटी अजून कोरीच आहे.