नव्या काचेला उशीर

तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत. लग्न झालं, लेक झाली, कानशिलावरचे केस पिकायला लागले, तरी ते नाव काही सुटलं नाही. सुटणार तरी कसं? बसल्या जागी पाय हलत राहायचा, चहा उभ्यानेच प्यायचा, एक काम हातात असताना डोळा दुसऱ्यावर. मोटारींच्या सीटा, छताची अस्तरं, दारांच्या आतल्या गाद्या शिवायचं तिचं छोटंसं वर्कशॉप होतं, तिथे मात्र ही खोड उपयोगी पडे. तिचं मशीन असं पळायचं की शेजारचा काचवाला म्हणायचा, "हिच्या मशीनला चाकं लावली तर ते परगावी जाऊन येईल." नवरा अगदी उलट्या धाटणीचा. तो छापखान्यात कागद कापायचा. घराला आग लागली तरी हा आधी चपला शोधील, असं ती त्याच्यादेखत सांगायची आणि तोही शांतपणे मान डोलवायचा.

पण त्या वर्षी तिला जी बेचैनी लागली ती या खोडीतली नव्हती.

तिचे बाबा ड्रायव्हर. एका डॉक्टरीणबाईंची गाडी त्यांनी उभं आयुष्य चालवली. बाई थकल्या, दवाखाना बंद केला, आणि गाडी बाबांच्या हवाली करून लेकाकडे राहायला गेल्या. फिकट निळी, गोल दिव्यांची, वयाने भिंगरीपेक्षाही मोठी गाडी. बाबा ती रोज सकाळी पुसत. आई म्हणायची, माझी सवत अंगणात उभी असते, एवढंच, जेवायला मागत नाही. दर शनिवारी बाबा नातीला त्या गाडीतून पोहायच्या तलावावर घेऊन जात. नात मागे ऐटीत बसे, बाबा पुढे इस्त्रीच्या शर्टात. सगळी गल्ली बघायची.

एका शनिवारी नात ओल्या केसांनी घरी आली आणि सहज सांगायला लागली. आजोबांचा आणि तिचा म्हणे एक खेळ आहे. सिग्नल आला की आजोबा विचारतात, सांग बघू, लाल की हिरवा? आणि ती ओळखते. "मी कधीच चुकत नाही, आई."

भिंगरी तिचा टॉवेल पिळत होती. पाणी निथळून गेलं तरी ती पिळतच राहिली.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. फाटकाच्या खांबाला घासलेलं मडगार्ड. त्याचं खापर बाबांनी दूधवाल्याच्या टेम्पोवर फोडलं होतं. रस्त्यात समोरून आलेल्या जुन्या मित्राला ओळख न देता पुढे गेले, आणि तो मित्र तोंड फुगवून बसला. पेपर बंद केला, हल्ली काय वाट्टेल ते छापतात म्हणून. हे सगळं तिने पाहिलं होतं. पण निरनिराळ्या खिशांत ठेवलेल्या सुट्या नाण्यांसारखं, एकत्र कधी हातात घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी निघाली ती वाक्य पाठ करतच. बाबा, तुम्ही आता गाडी चालवू नका. इतकं साधं वाक्य. वाटेत तिने ते चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं. लाडाने, रागाने, नवऱ्याचं नाव पुढे करून, लेकीची शपथ घालून. पोचली तेव्हा बाबा बादली आणि फडकं घेऊन गाडीची पुढची काच घासत होते.

"ही काच गेली बघ," ते म्हणाले. "कितीही पुसा, मधोमध धुकं धरल्यासारखं दिसतं."

काच जुनी होती हे खरंच. कडेने पिवळी पडलेली, वायपरने धनुष्यासारखे ओरखडे काढलेले. पण मधला भाग स्वच्छ होता. त्यातून तिला समोरच्या खिडकीतल्या कुंड्या दिसत होत्या, कुंडीतल्या रोपाची वाळकी पानंसुद्धा. तिने तोंड उघडलं आणि पाठ केलेलं वाक्य बाहेर यायच्या ऐवजी भलतंच आलं.

"बदलून टाकू की, बाबा. नवी बसवू."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पुढची काच नसलेली गाडी कोणी रस्त्यावर काढत नाही. एकदा काच उतरवली की गाडी जागेवर राहील, आणि आपल्याला बाबांशी एक अक्षरही बोलावं लागणार नाही.

एरवी ती घाईला बदनाम होतीच, त्यामुळे त्याच दुपारी ती काचवाल्याला ओढून घेऊन आली याचं कोणाला नवल वाटलं नाही. काचेभोवतीच्या रबरात एक चकचकीत पट्टी दाबून बसवलेली असते. काचवाल्याने लाकडी पाचर घालून ती हळूच सोडवली, म्हणाला ही जपून ठेवा, अशी आता मिळायची नाही. मग त्याने सुरीने जुनं रबर कापलं. ते बिस्किटासारखं तुटत होतं. भिंगरी आत सीटवर पाठ टेकून बसली आणि तळपायांनी काच बाहेर रेटू लागली. आधी काही हललंच नाही. मग कुठेतरी चर्रकन आवाज झाला आणि सबंध काच बाहेर उभ्या काचवाल्याच्या हातात गेली. गाडीचं तोंड वासलं. वारा सरळ आत आला. बाबा बाजूला उभे होते, फडकं हातात तसंच. त्यांनी विचारलं, नवी कधी येईल? भिंगरी म्हणाली, येईल लवकर.

तिला वाटलं होतं, आता जिवाला स्वस्थता मिळेल. झालं उलटंच.

नवी काच आली, आणि फारच लवकर आली. काचवाल्याने कुठून कुठून ओळखी काढून शोधली होती, त्याला केवढा आनंद झाला होता. भिंगरीने त्याचे आभार मानले, काच घोंगडीत गुंडाळली, वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी फोमच्या गुंडाळ्यांआड उभी केली आणि त्याला सांगितलं, बाबांना इतक्यात सांगू नका. त्याने का म्हणून विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याकडे जरा जपून बघायला लागला.

बाबा रोज विचारत. कधी फोनवर, कधी आईकरवी, कधी स्वतः. आणि भिंगरी रोज नवी थाप मारे. काचेची गोलाई जमली नाही, परत पाठवली. रबर कडक निघालं. काच देणाराच आजारी पडला. थापा मारायची तिला सवय नव्हती, त्यामुळे काल काय सांगितलं ते आज आठवत नसे, आणि आजारी माणसाला ती दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर पाठवी. मध्यंतरी काही तरी चाललंय असं दिसावं म्हणून तिने गाडीचं आतलं काम काढलं. छताचं जुनं अस्तर उतरवलं, काचेच्या दोन्ही अंगांच्या खांबांना नवं कापड चढवलं, डॅशबोर्डची गादी नव्याने भरली. काम चांगलं झालं होतं. तरी तिने ते उसवलं आणि पुन्हा शिवलं. मग पुन्हा उसवलं.

वर्कशॉपमध्ये तिचं चित्त ठरेना. दोरा तुटायचा, सुई बोटात शिरायची, गिऱ्हाइकाच्या काळ्या सीटला तिने तपकिरी दोरा घातला. दिवसातून कितीदा तरी ती उठून मागे जाई आणि घोंगडी जागेवर आहे का बघून येई, जणू काच चालत निघून जाणार होती. नवरा म्हणाला, सांगून टाक की. ती म्हणाली, तुम्ही सांगा. तो म्हणाला, बाप तुझा आहे. यावर तिने त्याच्या पुढ्यातली जेवणाची ताटली उचलून नेली, त्याचं जेवण व्हायचं होतं तरी.

आणि एका दुपारी बाबा स्वतःच वर्कशॉपच्या दारात उभे. चालत आले होते. उंबऱ्याशी अडखळले, हाताने चौकट धरली आणि म्हणाले, "या बाजूला आलो होतो." त्या बाजूला त्यांचं काहीच काम नव्हतं. भिंगरीने स्टूल पुढे केलं, पण ते बसले नाहीत. कापडाच्या ताग्यांवरून, फोमवरून हात फिरवत फिरवत ते मागे गेले. ती मशीनवरून उठायच्या आत त्यांचा हात घोंगडीवर पोचला होता. त्यांनी वरची कड चाचपली, मग कोपरा, मग कोपऱ्यापासून खाली उतरणारा बाक. ज्या काचेमागे उभं आयुष्य काढलं तिचा आकार त्यांना सांगावा लागणार नव्हता.

आता बाबांचा आवाज चढेल, असं भिंगरीला वाटलं.

"रविवारी बसवू," बाबा म्हणाले, आणि पाणी न पिताच गेले.

रविवारी काचवाला आला, पण बाबांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, तुम्ही नुसतं बघा, कुठे चुकलं तर सांगा. नवं रबर त्यांनी काचेच्या कडेला चढवलं. रबराच्या आतल्या खाचेत दोरी बसवली, दोरीची दोन्ही टोकं खाली मधोमध सोडली. सगळ्याला साबणाचं पाणी लावलं. मग भिंगरी आत बसली, बाबा आणि काचवाल्याने काच उचलून चौकटीवर टेकवली, आणि काचवाला पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.

हे काम दोघांचं असतं. आतल्याने दोरी ओढायची, म्हणजे रबराचा ओठ चौकटीच्या पत्र्यावरून उलटून आत येतो. आणि दोरी जिथे असेल नेमकं तिथेच बाहेरच्याने तळव्याने थापटायचं. एकाची घाई झाली तर रबर फाटतं, जोर जास्त झाला तर काच तडकते. बाबा बाहेरून म्हणत होते, हळू, हळू, आता थांब, आता ओढ. काचेपलीकडे त्यांचा चेहरा तिच्यापासून हातभर होता. ते तिच्याकडे बघत होते, पण नजर तिच्या कानाजवळून कुठेतरी जात होती.

काच बसली. मग ती चकचकीत पट्टी. ती सगळ्यांत किचकट; रबराच्या बारीक खाचेत बोटाबोटाने दाबत न्यायची, वाकली की वाया. बाबांनी ती हातात घेतली आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. भिंगरी बाहेर येऊन बघत होती. पट्टी त्यांच्या अंगठ्याखाली सरळ जात होती, कुठे पोक नाही, कुठे फट नाही. आणि बाबा पट्टीकडे बघतच नव्हते. मान एका बाजूला, डोळे कंपाउंडच्या भिंतीकडे. एकदाही त्यांनी खाली पाहिलं नाही. काचवाल्यालाही ते दिसलं. तो खुर्चीतून उठला, जरा दुकानात जाऊन येतो म्हणाला आणि निघून गेला.

बाबा गाडीत बसले. दार लावलं. भिंगरी दुसऱ्या बाजूने बसली. नव्या काचेतून समोरचा रस्ता असा दिसत होता की मध्ये काही नाहीच असं वाटावं. बाबांनी खिशातून रुमाल काढला, आतून काच पुसली. थोडा वेळ थांबून पुन्हा पुसली. चावी लावलेली होती, पण त्यांनी ती फिरवली नाही.

"छान बसली," ते म्हणाले.

"बाबा, ती काच मी लपवून ठेवली होती."

"कळलं ते. तू तिसरी थाप मारलीस तेव्हाच कळलं. तुला कुठे येतात थापा मारायला?"

"मग तुम्ही रोज विचारत का होता?"

बाबांनी रुमालाची घडी केली, मोडली, परत केली. "काच नाही आली, असं तू म्हणालीस की बरं वाटायचं," ते म्हणाले. "म्हणजे आजचा दिवस गेला. काच आली की सबब संपली ना माझी."

ती इतके दिवस ज्या वाक्याचं ओझं घेऊन फिरत होती ते आता म्हणायची गरजच उरली नव्हती. तरी तिने म्हटलं, कारण कोणीतरी ते म्हणायला हवं होतं. "तुम्ही आता गाडी चालवू नका, बाबा." आणि मग तिला रडू आलं आणि रागही आला. "माझी पोर मागे बसायची. तिला सिग्नल विचारत होता तुम्ही."

बाबांनी चावी काढली, तिच्या मांडीवर ठेवली आणि उतरून घरात गेले. दार आपटलं नाही, पण आईने नंतर सांगितलं की ते संध्याकाळी जेवले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. "म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं," बाबा म्हणाले. डॉक्टर म्हणाला, हो, असंच. यानंतर बरेच दिवस ते भिंगरीशी धड बोलले नाहीत. गाडी पुसणंही सोडलं. गाडीवर धूळ बसली आणि भिंगरीला वाटलं, आपण एका माणसाला वाचवायला गेलो आणि त्याला घरात कोंडून आलो. या सगळ्यात उडालेली तिची झोप काही परत आली नाही. लेकीला ती आता स्वतः तलावावर नेई, बसने, आणि तिथे काठावर येरझाऱ्या घालत राही.

शेवटी तिनेच एके दिवशी माहेरी जाऊन दोघांना सांगितलं, तयार व्हा, बाहेर जायचंय. बाबा नाही म्हणाले. आई म्हणाली, मी चालले, आणि जाऊन मागच्या सीटवर बसलीसुद्धा. मग बाबांना यावंच लागलं. ते सवयीने उजव्या दाराकडे गेले, थबकले, आणि बॉनेटवरून हात फिरवत वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले.

भिंगरीकडे लायसन्स होतं, पण या गाडीला तिला कोणी कधी हात लावू दिला नव्हता. स्टीअरिंग दगडासारखं जड. चढावर गाडी बंद पडली, मागच्यांनी भोंगे वाजवले. बाबा पायाने पुढची फळी दाबत होते, जणू तिथे ब्रेक होता. क्लच हळू सोड म्हणाले, मग इतका हळू नको म्हणाले, मग गाडीला मारतेस काय म्हणाले. ती म्हणाली, एक तर तुम्ही बोला, नाही तर मी चालवते. ते म्हणाले, तू चालव, मी बोलणारच आहे.

"दोघंही जरा गप्प बसा," मागून आई म्हणाली. "इतक्या वर्षांत मला या गाडीतून बाहेर बघू दिलंय का कोणी? रोज आपलं, दार नीट लाव, दार नीट लाव."

थोडं पुढे गेल्यावर बाबांनी दाराची काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं. भिंगरीने दुसरा गिअर टाकला. तो कुरकुरला, पण पडला.