मुठीच्या तळाची खटकी

पुण्यात ठाम मत असायला त्या विषयाशी संबंध असावा लागत नाही. पण ही सोय माझ्या मामेसासऱ्यांइतकी मनापासून कुणीच वापरली नसेल. त्यांची हयात नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आणि तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवण्यात गेली. त्यांनी चालवलेलं एकमेव पिस्तूल दिवाळीतलं, टिकल्यांचं. तरी खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून मुठीत सरकवायची ती चपटी डबी, बाहेर कशी निघावी या प्रश्नाने त्यांची झोप उडाली होती. घोड्याजवळचं बटण दाबून, असं जग म्हणे. मुठीच्या तळाची खटकी मागे ओढूनच, असं मामा म्हणत.

"खिशात किल्ल्या असतात. त्यांनी बटण दाबलं जाणार, डबी पडणार. मग ऐन वेळी तुमच्या हातात काय? पेपरवेट."

"पण मामा, नारायण पेठेत ऐन वेळ येणार कधी?"

"येणार नाही. म्हणून डिझाइन चुकवायचं?"

पुराव्यासाठी त्यांनी सागवानाची दोन पिस्तुलं केली, आत स्प्रिंगसुद्धा खरी. बटणाचं डाव्या खिशात, खटकीचं उजव्या, दोन्हीकडे किल्ल्यांचा जुडगा, अशा थाटात ते रोज मंडईत जात. एकदा बटणवाली डबी कोथिंबिरीत पडली. भाजीवालीने ती दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिली.

मग विश्रांतवाडीतलं लग्न आलं. अक्षता टाकायला मामा पुढे झुकले आणि डबी खट्कन नवऱ्यामुलाच्या काकांच्या पायाशी पडली. हे काका पोलिसात फौजदार. त्यांनी दोन्ही खिसे चाचपले आणि मामांना दंडाला धरून बाजूला नेलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मागोमाग धावलो. मामांचा चेहरा मात्र उजळला होता.

"पाहिलंत? बटणाचीच पडली."

फौजदारांनी लाकडावर टिचकी मारली, सुस्कारा सोडला आणि लगेच निघाले नाहीत, ही त्यांची चूक झाली, कारण मामांनी विचारलं, "आपल्याकडे कुठली पद्धत?" पहिली पंगत उठली तेव्हा मी बोलवायला गेलो. फौजदार डोळे मिटून खटकी ओढून पाहत होते.

"अहो, याला दोन हात लागतात की," ते म्हणाले.

"लागतात. एका हाताने माणूस घाई करतो."

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. भेटायला गेलो तर खटकीचं पिस्तूल गुडघ्यांत धरून उजव्या हाताने झटापट चाललेली. खटकी ओढली की डबी ओढायला हात उरत नव्हता.

"बटणाचं देऊ का?" मी विचारलं.

"जावईबापू, दुसरा हात असणारच, असं मी धरून चाललो होतो."

मग त्यांनी पिस्तुलाची मूठ माझ्याकडे केली. मी खटकी मागे ओढून धरली, त्यांनी डबी अलगद बाहेर काढली, निरखली आणि पुन्हा आत सरकवली.

"परत," ते म्हणाले.

मी परत खटकी ओढली.