कुलपातल्या सायकली

“वापरलेली वस्तू झिजते, न वापरलेली सडते,” असं हवावाली येता-जाता म्हणायची. गिऱ्हाईक नवा टायर घ्यायला कां-कूं करू लागलं की म्हणायची. शेजारीण चांगल्या चादरी पेटीत घालून फाटक्या अंथरुणावर निजली की म्हणायची. “एवढी कशाला राबतेस?” असं कुणी विचारलं तर आपल्या काळ्या, भेगाळलेल्या हातांकडे बघून तेच म्हणायची.

शाळेच्या उताराखाली, वळणावर तिचं पत्र्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर पाण्याचं एक घमेलं, एक उभा पंप, खिळ्यांना लटकवलेल्या ट्यूबा आणि ग्रीसचा वास. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता पत्रे विकून ही माहेरी जाईल. ती गेली नाही. पहिल्याच आठवड्यात एक चहाटळ माणूस म्हणाला, “बाईमाणूस पंक्चर काढणार म्हणजे कमालच!” ती ट्यूबवरून नजर न उचलता म्हणाली, “सायकल ठेव तिथे. तुझी हवा काढून झाली की तिच्यात भरते.” तेव्हापासून तिला हवावाली हे नाव पडलं, आणि तिनं ते बिरुदासारखं मिरवलं.

शाळेला परदेशातल्या एका संस्थेची मदत यायची. छत त्यांनी घातलं, पुस्तकं त्यांनी दिली. एका वर्षी लांबच्या वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलींसाठी त्यांनी सायकली पाठवल्या. निळ्या, चकचकीत, पुढे जाळीची टोपली. प्रत्येक मुलीला तिच्या सायकलीचं हँडल धरून उभं केलं, फोटो काढला आणि सायकली शाळेच्या हॉलमध्ये ठेवून कुलूप लावलं.

हेडमास्तर चोर नव्हता. चोर असता तर बरं झालं असतं, चोराला धरता तरी येतं. हा भला माणूस होता. त्याला भीती एवढीच, की एखादी सायकल मोडली, हरवली, तर संस्थेच्या पाहुण्यांना काय दाखवायचं? मदत बंद झाली तर पुढचं कसं चालायचं? म्हणून ज्या मुलींसाठी सायकली आल्या, त्यांच्यापासूनच तो त्या डोळ्यांत तेल घालून जपत होता. वर्षातून एकदा पाहुणे यायचे. त्याआधी हवावालीला बोलावणं जायचं. ती चाकांत हवा भरायची, चेनला तेल द्यायची, धूळ पुसायची. टायर न फिरताच तडकत चालले होते.

“गुरुजी, देऊन टाका की पोरींना.”

“देऊ, देऊ. पुढच्या सत्रात.”

त्या फोटोत हवावालीची भाचीही होती. भावाची मुलगी, टेकडीपलीकडच्या वस्तीवरची. जागेवर उभी म्हणून राहायची नाही, म्हणून आत्यानंच तिला भिंगरी म्हटलं. ही भिंगरी टेकडी चढून, दगडखाणीच्या रस्त्यानं शाळेला यायची. शाळा सुटून ती खाणीशी पोचेपर्यंत ट्रक सुटलेले असायचे. हल्ली त्यातले काही ट्रकवाले गाडी हळू करून तिच्या बरोबरीनं चालवायचे आणि खिडकीतून हसायचे. सायकल असती तर ट्रक सुटायच्या आत पोर घरी असती.

बाप त्याच खाणीत दगड फोडायचा. त्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि त्याची झोप उडाली.

“ताई, मी तिचा दाखला काढतोय,” त्यानं दुकानात येऊन सांगितलं. “शिकून साहेबीण झाली नाही तरी चालेल. धड घरी आली पाहिजे.”

“आणि तिच्या नावाची सायकल?”

“ती फोटोत आहे, ताई. फोटोवर बसून येईल का ती?”

 

यंदा पाहुणी बाई एकटीच आली, बरोबर दुभाष्या. मैदानात मुली ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात तिची सायकल. हवावाली पंप घेऊन कडेला थांबलेली. भाऊही आला होता, दाखला न्यायला. पाहुणी गेल्यावर देतो म्हणून त्याला भिंतीशी उभं केलं होतं. भिंगरीनं आपलं दप्तर त्याच्याकडे दिलं होतं.

पाहुणीनं भाषण ऐकलं, हार घेतला, मग हसून काहीतरी म्हणाली. दुभाष्यानं सांगितलं, “बाईंना मुलींना सायकल चालवताना बघायचंय.”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

“लाजतात हो,” हेडमास्तर घाईनं म्हणाला. “मुलींची जात.”

पण भिंगरी लाजली नाही. तिनं टांग टाकली, पॅडल मारलं, दोन हात पुढे गेली आणि धाडकन आडवी झाली. हेडमास्तर धावला. धावला तो सायकलीकडे. त्यानं ती उचलली, टोपली वाकली का ते पाहिलं. भिंगरी धडपडत उठली. गुडघ्यातून रक्त वाहत होतं आणि ती पोर आपल्या बाहीनं सायकलीचं मडगार्ड पुसत होती. “चरा नाही गेला, सर,” म्हणत होती. “नाही गेला.”

हवावालीच्या हातातून पंप सुटला.

“लाजत नाहीत त्या!” ती थेट पाहुणीसमोर जाऊन उभी राहिली. “येत नाही त्यांना सायकल. येणार कुठून? सायकल कुलपात आणि पोरी पायी! तुम्ही दिलीत, यांनी ठेवली, आणि मी बसल्येय दरसाल हवा भरत. ही पोर उद्यापासून शाळेत नसणार. सायकल मात्र राहील, ठणठणीत! जरा विचारा, बाई, तुम्ही नक्की कुणाला शिकवताय? पोरींना की सायकलींना?”

पाहुणीनं दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्यानं हेडमास्तरकडे पाहिलं, मग दोन गोड, आखूड वाक्यं बोलला. पाहुणीचा चेहरा उजळला. तिनं हवावालीचा तेलकट हात दोन्ही हातांत घेतला.

“काय सांगितलंस रे तिला?”

“तुम्ही आभार मानलेत असं,” दुभाष्या खाली बघत पुटपुटला. “माझं पोट आहे यावर, मावशी.”

“मी शिव्या घातल्या असत्या तर त्यांचे आशीर्वाद केले असतेस काय?”

तिनं हात सोडवून घेतला. हेडमास्तरच्या हातातली सायकल ओढली, भिंगरीच्या समोर उभी केली. “बस.”

“बाई, शाळेची मालमत्ता आहे ती!” हेडमास्तरचा आवाज चिरकला. “ही चोरी होते!”

“होऊ दे. फोटो आहे तुमच्याकडे. पोलिसांना दाखवा. पोरही त्यातच आहे, म्हणजे शोधायला सोपं.”

“आत्या, मला येत नाही,” भिंगरी हळूच म्हणाली.

“मी धरलंय ना मागून. पुढे बघ, चाकाकडे नको.”

फाटकावरच्या शिपायानं अडवायला हात वर केला, मग त्याच हातानं डोकं खाजवलं आणि बाजूला झाला. पाहुणीला वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. तिनं टाळ्या वाजवल्या. मुलींपैकी कुणीच वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि प्रत्येकीची मूठ आपापल्या हँडलवर घट्ट झाली.

“अहो, तुमचा दाखला तयार आहे,” हेडमास्तर भिंतीशी उभ्या असलेल्या बापावर ओरडला. “सही करा आणि घेऊन जा!”

बापानं मान वळवली नाही. दप्तर छातीशी धरून तो रस्त्याकडे पाहत होता. उतारावर सायकल डावी-उजवीकडे झोकांड्या खात चालली होती, आणि त्याची बहीण कॅरियर धरून, चपला फटफटवत, पोरीला ओरडत तिच्यामागे चालली होती. दुकानाचं वळण आलं, तरी ती थांबली नाही. टेकडीच्या रस्त्याला लागली.