नुसत्या तेलाच्या उंदरिणी

प्राणिगृहाचं दार उघडण्याआधी काकाजी बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. आत माणूस कुणी नसायचं. पांढरे उंदीर, बस. "सांगून गेलेलं बरं. एकदम घुसलं का दचकतात लेकाचे," म्हणायचे. वर्ध्याच्या कॉलेजात मी पीएच.डी.साठी आले तेव्हा पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं. महिनाभरात मीही टकटक करायला लागले.

काकाजी नाचणगावचे. घरची भाजीची वाडी पोरावर सोपवून रोज सकाळच्या एसटीने यायचे. ठेकेदाराने लावलेला हंगामी माणूस, पण प्राणिगृह चालायचं ते त्यांच्याच जिवावर.

माझं काम होतं मादीच्या स्तनग्रंथी कोणत्या संप्रेरकाने कशा वाढतात ते पाहायचं. लहान उंदरिणींची अंडाशयं काढायची. मग एका गटाला इस्ट्रोजेन टोचायचं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन, आणि तिसऱ्याला नुसतं तेल, म्हणजे ज्यात औषध मिसळतात तेच, पण औषधाविना. इस्ट्रोजेन मिळालं की ग्रंथीतल्या नळ्या लांबतात, त्यांना फाटे फुटतात. प्रोजेस्टेरॉन आलं की फाट्यांना बारीक घोस धरतात. तेलाच्या गटात यातलं काहीच व्हायला नको, कारण सगळी तुलना त्याच गटाशी.

हे मी काकाजींना दहादा समजावलं असेल. ते मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "म्हणजे यायले काहीच नाई?" तो त्यांना सरळसरळ अन्याय वाटायचा.

सहा महिने गेले. ग्रंथी काचेवर पसरल्या, रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या. तेलाच्या गटात फाटे! थोडेच, पण एकीत नाही, सगळ्यांत. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, शस्त्रक्रियेत अंडाशयाचा तुकडा मागे राहिला असेल. म्हणजे माझा हात कच्चा. मग बाकीच्या गटांवर तरी कुणी भरवसा का ठेवावा? पीएच.डी.च गेली म्हणायची. मी प्राणिगृहातल्या स्टुलावर बसून रडले. काकाजी पिंजरे धूत होते, त्या आवाजाचाही राग आला आणि त्यांच्यावर उगाच खेकसले.

त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले.

"म्याडम, तुमचा हात नाई चुकला. माझा चुकला."

मग सगळं सांगितलं. तेलाच्या गटाला ते रोज घरून उकडलेलं सोयाबीन आणून चारायचे. सुनेचं ऑपरेशन झालं तेव्हा तिलाही हेच दिलं होतं, लवकर उठून बसली. बाकीच्या उंदरिणींना औषध तरी मिळतं, यांच्या वाट्याला नुसतं तेल. त्यांनी काय पाप केलं?

आता काय बोलावं, तुम्हीच सांगा. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं वागणारं द्रव्य असतं. म्हणूनच मी हट्टाने सोयाबीन नसलेलं खाद्य बाहेरून मागवलं होतं. आणि राहते कुठे, तर घरोघरी सोयाबीनची पोती असलेल्या या जिल्ह्यात! खरं सांगते, आधी संताप आला. मग कळलं की हा माणूस गप्प बसला असता तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता. आणि बोलल्यावर ठेकेदार उद्याच घरी बसवेल, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी म्हटलं, सरांना मी सांगते, तुमचं नाव घेत नाही. पण मी डोळे पुसून उठेपर्यंत काकाजी सरांच्या दारात उभे होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, प्रयोग पुन्हा करा, दाणापाणी मात्र हेच बघतील.

पुढचे सहा महिने काकाजी रविवारीही आले. स्वतःचा जेवणाचा डबासुद्धा बाहेर व्हरांड्यात ठेवायचे. या वेळी तेलाच्या गटात फक्त आखूड, बिनफाट्यांच्या नळ्या दिसल्या. मी आनंदाने त्यांना भिंगातून दाखवलं. खूप वेळ बघत राहिले. "बिचाऱ्या," एवढंच म्हणाले.

पदवी मिळाली तोवर ते काम सोडून घरी बसले होते. त्यांच्यासाठी प्रबंधाची एक प्रत घेऊन मी नाचणगावला गेले, आभाराच्या पानावरचं त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, सोयाबीनचं कुठं लिहिलं? मी पान काढून दिलं. तिथे मी एका कर्मचाऱ्याकडून चूक झाली, एवढंच लिहिलं होतं.

"इथं माझं नाव काऊन नाई?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, काकाजी."

"आभारात नाव आहे, मंग चुकीत बी पाहिजे बेटा."

त्यांनी खिशातला पेन काढून दिला. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

गेल्या वर्षी काकाजी गेले. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सून सांगत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझा प्रबंध दाखवायचे, आणि आभाराचं पान नाही, ते सोयाबीनचं पान. घरी येऊन मी माझ्या प्रतीतही त्या जागी त्यांचं नाव लिहिलं.

आता माझ्या हाताखाली मुली काम करतात. कधी निकाल बिघडतो आणि एखादी घाबरून काही लपवते आहे असं वाटतं. मी रागावत नाही. ते पान उघडते, पेनाने लिहिलेल्या नावावर बोट ठेवते आणि तिला म्हणते, आधी हे वाच.