तिसरी सूचना

या गोष्टीचा शेवट तीन माणसांनी ऐकला आहे. सुरुवात कुणीच ऐकलेली नाही. सव्वा वर्ष मी ती जपली – आणि जपली म्हणजे काय, तर जिथे जिथे ती बोलून टाकायला हवी होती, तिथे तिथे मी चहाचा घोट घेतला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटते. ओळखीच्या माणसासमोर मला बोलता येत नाही, आणि खरे तर तोच सगळा विषय आहे.

माझे वय पंचावन्न. पूर्वी मी सोलापुरात दुकानांच्या पाट्या रंगवत असे. ब्रशची जागा फ्लेक्सने घेतली, फ्लेक्सची इंटरनेटने. पाट्या मी अजूनही लावतो, फक्त त्या आता भिंतीवर नसतात. कुणी फोनवर ‘गुडघा दुखतो’ असे शोधले, तर माझ्याकडच्या डॉक्टरांचे नाव सर्वांच्या वर दिसावे, हे माझे काम. त्यात जादू नाही. माणसे ज्या शब्दांत विचारतात, तेच शब्द पानावर असावे लागतात. एवढेच. पण माणसे कोणत्या शब्दांत विचारतात, हे ऐकायला कान हवेत – आणि माझे कान चांगले आहेत. हे मी अभिमानाने सांगत नाही. पुढे कळेल.

मृणाल मॅडम समुपदेशक आहेत. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, मला काका म्हणतात. पुण्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून त्यांनी सात रस्त्याजवळ एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि चार महिने त्या खोल्यांत एकट्याच बसून राहिल्या. “दिवाळीपर्यंत बघते, काका. नाहीतर पुण्याला परत,” असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. त्यांच्या वेबसाइटवर एक पान होते. मथळा होता – ‘वैवाहिक संवादातील अडथळे : स्वरूप व समुपदेशन’. मी नम्रपणे म्हणालो, “मॅडम, सोलापुरात असं कुणी शोधत नाही.”

“मग कसं शोधतात?”

मला माहीत नव्हते. बघून सांगतो, म्हणालो.

आता स्वयंपाकघराकडे यावे लागेल. मी उगाच लांबून येतो आहे, हे माझ्याही लक्षात येते आहे.

माझी पत्नी सुनंदा मोडनिंबची. सत्तावीस वर्षे शहरात काढूनही तिने आपली भाषा बदललेली नाही, आणि फोनवर ती टाइप करत नाही. ती फोनशी बोलते. तेही जरा कमी ऐकू येणाऱ्या आत्याशी बोलावे तसे – सावकाश आणि मोठ्याने. त्या सकाळी मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून, नवराबायकोच्या भांडणाबद्दल लोक नेमके काय शोधत असतील याचा विचार करत बसलो होतो. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग सुनंदा फोनला म्हणाली, “नवरा चांगला हाय. पन घरात बोलतच न्हाय. काय करावं?”

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? उठून आत गेला असता? निदान खोकला असता? निदान तुमच्या मनाला काही लागले असते?

मी ते लिहून घेतले.

होय. मला आनंद झाला. असे विचारतात तर! – हा माझा पहिला विचार होता, आणि दुसराही तोच होता. प्रश्न मी जरासा प्रमाण भाषेत आणला आणि मॅडमच्या पानाचा मथळा केला – ‘नवरा घरात बोलत नाही, काय करावं?’ ‘नवरा चांगला हाय’ एवढा भाग गाळला. मथळा लांब होत होता.

त्याखाली मॅडमनी पाच सूचना लिहून दिल्या. ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येणार नाही, असा प्रश्न विचारा. चहाच्या वेळी दोघांचेही फोन बाजूला ठेवा. आणि तिसरी सूचना, जी मला आता तोंडपाठ आहे – ‘प्रश्न विचारल्यावर थांबा. घाईने दुसरा प्रश्न विचारू नका, त्याच्या वतीने उत्तरही देऊ नका. शांतपणे थांबा. तो बोलेल.’ उरलेल्या दोनांचे काय झाले, ते नंतर सांगतो. खरे म्हणजे त्या मीच पुढे शिल्लक ठेवल्या नाहीत.

काही आठवड्यांत ते पान वर आले. असे वर आले, की नातेपुते, दुधनीपासून फोन येऊ लागले. खालच्या चष्मेवाल्यांची चंगळ झाली, कारण जिन्यापाशी कुणी ओळखीचे भेटले की माणसे “चष्म्याला आलोय” म्हणत आणि मग संकोचापायी खरोखरच फ्रेम लावून बघत. नाव विचारले तर बहुतेक जण पहिलेच तेवढे सांगत. मॅडमही त्यापुढे विचारत नसत. पुण्याचे नाव त्यांच्या बोलण्यातून गेले. एकदा म्हणाल्या, “काका, बायकांच्या मनातलं तुम्हाला इतकं कसं हो कळतं?”

मी म्हणालो, “अनुभव, मॅडम.”

ते खोटे नव्हते. म्हणूनच ते इतके वाईट होते.

सुनंदाने तो प्रश्न फोनला पुन्हा केव्हातरी विचारला असणार. सोलापुरात बसून विचारल्यावर उत्तरात पहिले काय येणार होते? मी त्यासाठीच तर खपलो होतो. एका संध्याकाळी तिने माझ्यासमोर कप ठेवला, माझा फोन उचलला, आपला फोन त्यावर ठेवला आणि दोन्ही फ्रीजवर ठेवून आली. समोर बसली. “आज दिवसभरात तुमाला सगळ्यात काय आवडलं?”

पहिली आणि दुसरी, मी मनात मोजले. “भाकरी,” मी म्हणालो.

ती थांबली. शांतपणे. माझ्याकडे बघत. मी चहा घेतला, कप रिकामा झाला, तरी मी घोट घेत राहिलो. ती थांबलेलीच. एवढ्या वर्षांत एवढा वेळ तिने माझ्याकडे पाहिलेले मला आठवत नाही. लग्नात पाहिले असेल, पण तेव्हा मध्ये अंतरपाट होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच स्कूटर काढून बाहेर पडलो आणि कुणाचे काहीही काम नसताना विजापूर रोडवर हिंडून आलो.

माझा खरा अपराध इथे सुरू होतो. आधीचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता आला असता, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत असे. पण पानाची किल्ली माझ्याकडे होती. मी ते उघडले आणि तिसरी सूचना बदलली. ‘नवरा गप्प असेल, तर तो विचार करत असतो. त्याला गप्प राहू द्यावे. आपणही गप्प राहावे.’ एकदा हात बसल्यावर तो थांबला नाही. चौथी सूचना काढून तिथे लिहिले – ‘रविवारी दुपारी कोणताही प्रश्न विचारू नये.’ पाचवी काढून – ‘आठवड्यातून एकदा धपाटे करावेत. सोबत दही.’

सोबत दही – हेही मीच लिहिले. मॅडमच्या नावाखाली, त्यांच्या पदवीखाली, त्यांच्या फोटोशेजारी.

शनिवारी घरात धपाटे झाले. मी तीन खाल्ले. चवीबद्दल एक शब्द बोललो नाही. सुनंदानेही विचारले नाही. पानावर लिहिले होते ना, गप्प राहावे म्हणून.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला. त्यांच्याकडे एक बाई आल्या होत्या. नाव त्यांनी सांगितले नाही, बोलणे मात्र जसेच्या तसे ऐकवले – “तुमचं वाचून म्हैनाभर गप बसलेय, मॅडम. आधी त्यो बोलत न्हवता, आता मीबी बोलत न्हाय. घरात नुस्ती शेरडं बोलत्यात.”

“काका, मी असं लिहिलंच नव्हतं! मी नेमकं उलटं लिहिलं होतं! आणि हे धपाटे कुठून आले?”

मी म्हणालो, “कुणीतरी साइटमध्ये घुसलेलं दिसतंय, मॅडम.”

“धपाट्यांसाठी?”

“हल्ली कुणाचा काही नेम नाही.”

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यासारख्या सौम्य बोलणाऱ्या माणसावर लोक लगेच विश्वास ठेवतात. मी जुन्या सूचना पुन्हा टाकल्या. पण मॅडमचे तेवढ्याने समाधान झाले नाही. न केलेल्या चुकीबद्दल त्यांनी वाचकांची माफी मागणारा मजकूर लिहिला, पानाच्या वरच टाकायला सांगितला, आणि म्हणाल्या, “काका, तुमचं मराठी चांगलं आहे, एकदा तपासून द्या.”

मी तपासून दिले. एक स्वल्पविराम वाढवला. याहून खाली माणूस किती जाऊ शकतो, मला ठाऊक नाही.

आणि घरी? घरी ती सुधारलेली सूचना पोहोचली नाही, कारण सुनंदाने ते पान पाहणे सोडले होते. तिने फोनला प्रश्न विचारणेच सोडले होते. भाकरी थापण्याचा आवाज येई, पुढे काही नाही. मला हवी होती ती शांतता मला पूर्ण मिळाली. एका संध्याकाळी मीच न राहवून म्हणालो, “आज ऊन फार होतं.”

“हं,” सुनंदा म्हणाली.

तो माझा ‘हं’ होता. सत्तावीस वर्षे मी वापरलेला. समोरून आल्यावर तो इतका आखूड असतो, याची मला कल्पना नव्हती. तरीही – तरीही मी काही सांगितले नाही. महिनेच्या महिने गेले.

मग गेल्या महिन्यातला तो शनिवार. क्लिनिकच्या दाराचा नवा फोटो काढायचा होता, म्हणून दुपारी मी जिना चढून वर गेलो. बाहेरच्या खोलीत नव्या चष्म्याची डबी हातात घट्ट धरून एक गृहस्थ बसले होते. त्यांच्यापलीकडच्या खुर्चीवर, पदर आवळून, सुनंदा.

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

“चष्म्याला आले हुते,” ती म्हणाली.

“मीपण,” मी म्हणालो. दुकान खाली आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्या गृहस्थांनी आपली डबी खिशात सरकवली.

तेवढ्यात आतले दार उघडून मॅडम बाहेर आल्या. ही माझी पत्नी, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. “अरे, काका! बरं झालं आलात. ते ‘नवरा घरात बोलत नाही’वालं तुमचं पान आहे ना, त्यावरचा फोटोही आजच बदलून टाका.”

सुनंदाने मान वर केली. “ते पान ह्यांनी केलंय?”

“मथळा तर त्यांचाच,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

सुनंदा माझ्याकडे वळली. “तुमाला कसं सुचलं ओ ते?”

आणि ती थांबली. दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्या वतीने उत्तर दिले नाही. शांतपणे थांबली. मूळची, मॅडमनी लिहिलेली तिसरी सूचना तिने मनातून काढून टाकलेली नव्हती तर. हाताशी चहा नव्हता. स्कूटर खाली होती.

मी बोललो. आवाज जरा मोठाच निघाला. ते गृहस्थ दचकले.

“सुनंदा, त्या सकाळी तू फोनला विचारलंस, ते मी ऐकलं होतं. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी उठून आत आलो नाही. तुझा प्रश्न लिहून घेतला आणि त्याची पाटी केली. त्यातलं ‘नवरा चांगला हाय’ हे मी खोडलं. नंतर तू बोलायला लागलीस, तर तू गप्प बसावंस म्हणून पानावर खोटं लिहिलं. मॅडम, साइटमध्ये कुणीही घुसलं नव्हतं. तो मी होतो. तुम्ही माफी मागितलीत ती माझ्या चुकीची होती, आणि मी त्यातलं व्याकरण तपासलं. धपाट्यांचंही मीच लिहिलं होतं. सुनंदा, धपाटे फार चांगले झाले होते. तेही मी सांगितलं नाही. माझं चुकलं. तुमच्या दोघींच्या बाबतीत माझं फार चुकलं.”